हेलियम टाकीत कुठे कमी पडतो

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ मध्ये इथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हा वायू शोधला, असं सांगितलं जातं. पण त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते २२ जानेवारी १८९८च्या सूर्यग्रहणासाठी आले. तोवर रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी पृथ्वीवर हेलियम मिळवल्याला तीन वर्षं होत आली होती. असो, किल्ल्याचं मोल त्याने उणावत नाही. मात्र हेलियमचे गुण आणि त्याची मर्यादा, दोन्ही आज पाहायची तर रॉकेटच्या टाकीत डोकवावं लागतं.

अतिथंड इंधनाच्या टाकीत द्रवावर वायूचा दाब टिकलाच पाहिजे, नाहीतर द्रव पंपातच उकळू लागतो. १२ ऑगस्ट २०२१ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट त्यापायीच गेलं: झडप गळाली, द्रव हायड्रोजनच्या टाकीतला दाब उतरला आणि वरच्या टप्प्याचं इंजिन चाललंच नाही. दाबासाठी हेलियमऐवजी इंधनाचीच वाफ टाकीत सोडता येते, म्हणजे हेलियमच्या जड बाटल्या वाचतात. पण स्पेसएक्सच्या स्टारशिपसारखं मिथेनवर चालणारं यान आडवं खाली येतं आणि उतरताना झटक्यात उभं होतं. तेव्हा होडीच्या तळातल्या पाण्यासारखं इंधन हिंदकळतं, वाफ त्या थंड द्रवाला भिडून स्वतःच द्रव होते आणि दाब कोसळतो. डिसेंबर २०२०मध्ये स्टारशिपचा चाचणी नमुना एसएन८ असाच आदळला. हेलियम उणे २६९ अंशांपर्यंत वायूच राहतो, मिथेन उणे १६२लाच द्रव होतो. म्हणून मार्च २०२१मध्ये एसएन१० या नमुन्याच्या, उतरताना लागणाऱ्या इंधनाच्या छोट्या टाकीत हेलियम भरला. दाब टिकला, पण हेलियमचे बुडबुडे इंधनाबरोबर इंजिनात गेले असावेत आणि त्यामुळे जोर कमी पडला, असं इलॉन मस्क यांनी सांगितलं. मिथेनचे बुडबुडे पुन्हा द्रवात विरले असते. जो गुण दाब राखतो, तोच इथे नडला.

स्पेसएक्सचंच फाल्कन ९ रॉकेट हेलियमवरच शेकडो वेळा सुखरूप उतरलं, मग दोष हेलियमला कशाला, असं कुणी म्हणेल. दोष हेलियमचा नाहीच. फाल्कन वातावरणातून उभंच उतरतं; हवेच्या विरोधाने त्याचा वेग घटतो आणि द्रव तळाशी दाबून राहतो, त्यामुळे बुडबुडे पंपाकडे जायची वेळच सहसा येत नाही. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न कोणता वायू भरावा हा नसून, इंजिन पेटताना द्रव कुठे आहे हा आहे. आडव्या पट्ट्या बसवून हिंदकळणं रोखता येतं, पण त्यांचं वजन प्रत्येक फेरीत वाहावं लागतं. सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या इस्रोच्या नव्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा मिथेनवर चालून परतणार आहे. त्याच्या टाक्यांत हा हिशेब हेलियमच्या बाटल्या मोजण्याआधी करावा लागेल.