ट्रॉलीतला मुक्काम आणि अस्वल

मागच्या आठवड्यात दवाखान्यात एक ओळखीचे शेतकरी येऊन बसले. ताप नाही, खोकला नाही. गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोराच्या नवसासाठी माहूरले चाललो. ट्रॅक्टरची ट्रॉली हाये, वरून ताडपत्री बांधतो. बायामाणसं, लेकरं धरून अकरा जण. रात्री घाटंजीच्या पुढं रानात मुक्काम पडते. तिकडे अस्वल हाये म्हणते लोक. काही गोळ्या-औषध संगं ठेवाव का?"

प्रश्न ऐकून हसू आले, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या भागातली अनेक कुटुंबे अशीच प्रवास करतात. कोणी माहूरच्या रेणुकामातेला जाते, कोणी चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला. उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी मजूर आठ-पंधरा दिवस जंगलात राहतात. कोणाचे घर बंडीत, कोणाचे ट्रॉलीत, कोणाचे नुसत्या ताडपत्रीखाली. अमेरिकेत लोक सुटीत गाडीमागे चाकांचे छोटे घर जोडून जंगलात राहायला जातात, आणि तेथे अस्वलांपासून सांभाळण्याचे नियम सरकार छापून देते. आपली ट्रॉली हे त्याच जातीचे घर. नियम मात्र आपल्याला कोणी दिलेले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्रॉलीत माणसे बसवून लांबचा प्रवास करणे मुळातच धोक्याचे आहे. अस्वलाने जखमी केलेले रुग्ण मी मोजके पाहिले, ट्रॉली उलटून आलेले कितीतरी. तरीही जाणारे जातातच, म्हणून पुढचे लिहितो.

आपल्याकडे वाघाची चर्चा फार. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीचे प्रकरण झाले तेव्हा गावोगावी दुसरा विषय नव्हता. अस्वलाचे नाव कोणी घेत नाही, कारण लोकांच्या मनात अजून ते दरवेश्याच्या दोरीला बांधलेले, डमरूवर नाचणारे गरीब जनावर आहे. माझ्या लहानपणी लेकरू दचकू नये म्हणून दरवेश्याकडून अस्वलाचा केस घेऊन ताइतात घालत. त्या केसात औषध कसलेही नव्हते. आता ते खेळही बंद झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे.

रानातले अस्वल मात्र गरीब नाही. छत्तीसगडमधील उत्तर बिलासपूर वनविभागात अभ्यासकांनी एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळातल्या हल्ल्यांची नोंद केली. एकट्या त्या भागात १३७ हल्ले झाले आणि ११ माणसे दगावली. म्हणजे बहुतेक माणसे वाचली. पण कशी वाचली हे पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. ते तोंडावर आणि डोक्यावर येते. त्याच्या पुढच्या पायांची नखे बोटाएवढी लांब असतात. वारूळ फोडण्यासाठी दिलेली ही हत्यारे चेहऱ्यावर पडली की डोळा, नाक, जबडा, डोक्याची कातडी, काहीही शिल्लक राहील याचा भरवसा नसतो.

ते असे का करते, हे समजले तर निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. आपल्या अस्वलाची नजर मंद, कानही फारसे तिखट नाहीत. नाक तेवढे जबर. त्याचे मुख्य अन्न उधई आणि मुंग्या. वरचे दोन पुढचे दात त्याला नसतात, त्या फटीतून ते उधई भात्यासारखी ओढून घेते आणि त्याचा घुरघुराट बराच लांब ऐकू येतो. खाण्यात असे गर्क असताना त्याला आपली चाहूल लागत नाही. आपण अगदी जवळ जाऊन पोचतो आणि मग ते दचकते. हरीण दचकले की पळते. अस्वल वाघाच्या रानात वाढलेले जनावर. पळून वाघाच्या हातून सुटका नाही, म्हणून उभे राहून अंगावर जायचे हेच ते शिकले आहे. आपण त्याच्या लेखी वाघच.

त्यातून दिवसही नेमके आडवे येतात. अस्वलीण साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत गुहेत पिले देते आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. त्याच सुमारास मोह गळू लागतो. मोहफूल रात्री-पहाटे पडते, म्हणून आपल्या बायका उजाडण्याआधीच टोपले घेऊन झाडाखाली जातात, आणि त्याच झाडाखाली पिलेवाली अस्वलीणही येते. पुढे टेंभरे पिकतात, तेंदूपत्ता सुरू होतो, पाणी आटते. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासचे रान असो, पैनगंगेच्या काठचे असो की पलीकडे ताडोब्याचे, माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच डोहावर येण्याचे हे दिवस.

आता मुक्कामाचे. जागा दिवस असतानाच निवडावी. अंधार पडल्यावर 'चला, इथंच थांबू' म्हणून थांबलेली जागा हमखास वाईट निघते. गाव, धाबा, शाळेचे अंगण, देवळाचे आवार मिळाले तर जंगलात राहण्याचा हट्ट कशाला? नाहीच मिळाले तर मोह, जांभूळ, बोर, उंबर यांच्या खाली थांबू नये. मोठी वारुळे, नाल्याची झुडपी, खडकाच्या कपारी आणि पाणवठा यांपासून लांब, उघड्या जागी थांबावे. जमीन उकरलेली, वारूळ फोडलेले दिसले तर पाहुणा जवळच आहे असे समजावे आणि पुढे निघावे. ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडलेलाच ठेवावा. दिवे लावता येतात, हॉर्न वाजवता येतो आणि वेळ आली तर निघताही येते.

झोपायचे ट्रॉलीत, ट्रॉलीखाली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लेकरे-बाया वर आणि पुरुषमंडळी खाली चाकांच्या मधोमध, अशी आपली रीत. वारा लागतो, पाय पसरता येतात, सगळे खरे. पण फिरत आलेल्या अस्वलाच्या नाकासमोर आपले डोके असते. मागचे फाळके बंद करून सर्वांनी वरच झोपावे. दाटी होईल. एक रात्र होऊ द्यावी.

स्वयंपाक झोपायच्या जागेपासून पन्नास-साठ पावले दूर करावा. गूळ, तेल, तूप, पिकलेली केळी, देवीच्या प्रसादाचा पेढा, साखर हे सगळे अस्वलाला लांबून वास येणारे पदार्थ. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वले प्रसादासाठी येतात आणि लोक कौतुकाने पाहायला जातात. मला त्याचे कौतुक वाटत नाही. माणसाजवळ खायला मिळते हे एकदा कळलेले जनावर पुढच्या माणसाजवळही जाते, आणि त्या पुढच्या माणसाला हे माहीत नसते. शिळी पोळी, खरकटे उकिरड्यासारखे फेकू नये. झाकणाच्या डब्यात बंद करून गावापर्यंत न्यावे. शिध्याचे डबे झाकण घट्ट लावून झोपलेल्यांपासून दूर ठेवावेत, उशाशी तर मुळीच नको. शेकोटीवर भरवसा ठेवून निर्धास्त होऊ नये. उन्हाळ्यात वाळल्या पाल्यात तीच वणव्याचे कारण होते.

पण खरा धोका झोपेत नसून झोपेतून उठल्यावर आहे. पहाटे डबा घेऊन एकटेच झुडपाकडे जाणे, आणि तेही बायकांनी लाजेखातर अधिकच लांब, अधिकच आडोशाला जाणे. येथेच माणूस अस्वलाच्या पुढ्यात जाऊन पोचतो. दोघी-तिघींनी मिळून जावे, हातात बॅटरी असावी, मोठ्याने बोलत जावे. गप्प राहून मर्यादा पाळण्याची ही जागा नाही. गुराख्यांच्या काठीला घुंगरू असते ते उगीच नाही, बांधावे. कानाला मोबाइलचे गाणे लावून चालू नये. अस्वलाला आपण ऐकू यायला हवे आणि आपल्याला त्याचा घुरघुराट.

अस्वल लांब दिसले, तर तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरावे. दगड मारू नये, फोटो काढू नये, पिलू दिसले तर क्षणभरही थांबू नये, कारण आई जवळच असते. पळू नये; ते आपल्यापेक्षा वेगात धावते. झाडावर चढू नये. मधासाठी झाडावर चढणारे जनावर ते. अंगावर धावून आलेच तर पुष्कळदा थोड्या अंतरावर थांबून परत फिरते, म्हणून पाय रोवून उभे राहावे. लिहायला सोपे, करायला कठीण, हे मला कळते. आणि प्रत्यक्ष धरलेच, तर जमिनीवर पालथे पडावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंतवावीत, कोपरांनी गाल झाकावेत, तोंड मातीत दाबावे आणि ते निघून जाईपर्यंत हलू नये. पाठीची जखम भरते. चेहरा आणि डोळे वाचवायचे.

काही वर्षांपूर्वी पोडावरची एक बाई माझ्याकडे आणली होती. मोह वेचताना सकाळी हल्ला झाला, माझ्यापर्यंत यायला दुपार झाली. मधल्या वेळात कोणी जखमेत हळद भरली, कोणी चुना, कोणी चहाची पूड. पुढे मोठ्या रुग्णालयात तो लगदा काढण्यातच शल्यचिकित्सकांचा वेळ गेला. बाई वाचली, एक डोळा गेला. तो डोळा अस्वलानेच घेतला की त्या चार तासांनी, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून, जखमेत काहीही भरायचे नाही. तोंडातून रक्त येत असेल किंवा जबडा मोडला असेल तर रुग्णाला उताणे निजवू नका, रक्त श्वासनळीत जाऊन तो गुदमरेल. शुद्धीवर असेल तर पुढे वाकवून बसवा, नसेल तर कुशीवर निजवा. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ धोतर किंवा लुगड्याची घडी ठेवून दहा-पंधरा मिनिटे सारखे दाबा. थांबले का म्हणून मधूनमधून उचलून पाहू नका. डोक्याची किंवा गालाची कातडी लोंबत असेल तर तोडू नका, जागेवर बसवून ओल्या स्वच्छ फडक्याने झाका. डोळ्याला लागले असेल तर दाबू नका, वर छोटी वाटी पालथी ठेवून अलगद बांधा. पाणी, चहा देऊ नका; भूल द्यावी लागेल.

रक्त आटोक्यात आले की बाकीच्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायच्या. हे पिसाळीसाठी. कुत्रा चावल्यावर जी लस घेतो तीच येथेही लागते, कारण रानटी जनावराच्या अशा जखमा सर्वांत गंभीर वर्गात धरतात. लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन पहिल्याच दिवशी जखमेत द्यावे लागते आणि धनुर्वाताचेही. पहिल्या सुईनंतर 'आता बरे वाटते' म्हणून उरलेल्या सुया चुकवणारे रुग्ण दर वर्षी भेटतात. पिसाळी एकदा उमटली की माझ्याकडे औषध नाही, कोणाकडेच नाही.

१०८ ला फोन लावावा. जंगलात रेंज नसते, तेव्हा येताना कोणत्या टेकाडावर मोबाइल लागत होता ते लक्षात ठेवावे. रुग्णवाहिकेला उशीर दिसला तर रस्त्याने जाणारी मिळेल ती जीप थांबवून आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. चेहऱ्याचे मोठे काम तेथून यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते.

वनखात्याला १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला शक्यतो त्याच दिवशी कळवावे. जखमीला सरकारी मदत मिळते आणि २०२३ च्या निर्णयानुसार मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात; पण पंचनामा आणि सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. रक्ताने भरलेले कपडे धुऊन टाकू नयेत, पंचनाम्यापर्यंत ठेवावेत.

त्या शेतकऱ्यांना गोळ्या काहीच दिल्या नाहीत. साबणाची वडी, चार स्वच्छ फडकी, दोन बॅटऱ्या आणि काठीला बांधायला घुंगरू, एवढे कागदावर लिहून दिले. ते म्हणाले, मुक्काम आर्णीलाच करतो, तिथं साळभाऊ राहते.