स्थानिक व्यवसायांची संकेतस्थळे (कोल्हापूर)

स्थानिक व्यवसायाचे संकेतस्थळ म्हणजे एखाद्या दुकानदारासाठी, कारागिरासाठी किंवा लघुउद्योजकासाठी विकासकाने मोबदला घेऊन तयार केलेले संकेतस्थळ होय. चप्पल, गूळ, साज अशी अनेक उत्पादने कोल्हापूरच्या नावानेच ओळखली जात असल्यामुळे येथे साधनांची निवड आणि ऑनलाइन विपणन हे दोन्ही प्रश्न त्या नावाशी जोडलेले आहेत.

साधने व मालकी

वर्डप्रेस (२००३) ही मुक्त स्रोत आज्ञावली असून तिला वूकॉमर्स (२०११) जोडल्यास ऑनलाइन दुकान चालवता येते. परवाना मोफत असला तरी होस्टिंग, अद्ययावतीकरण व बॅकअप यांचा भार कोणालातरी वाहावा लागतो. शॉपिफायसारख्या सेवांत तो भार सेवादाता उचलतो. मात्र शुल्क थांबले की दुकानही बंद होते. दहा-बारा वस्तू विकून मागणी दूरध्वनीवर घेणाऱ्या दुकानास यांपैकी काहीच लागत नाही. साधी स्थिर पाने पुरतात आणि स्वस्त मोबाइलवरही लवकर उघडतात.

साधनापेक्षा मालकीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. डोमेन विकासकाच्या नावे नोंदवलेले असल्यास पुढे व्यवहार बिनसताच दुकानदाराचा पत्ताच हातातून जातो आणि फलकावर व पिशव्यांवर छापलेले नाव निरुपयोगी ठरते. म्हणून डोमेन, होस्टिंग आणि गूगलवरील व्यवसाय-नोंद ही खाती दुकानदाराच्या नावे उघडून विकासकाला केवळ प्रवेशाधिकार देणे इष्ट असते. देवनागरी डोमेनसाठी .भारत हा प्रत्यय २०१४ पासून उपलब्ध आहे.

मराठी मजकूर व शोध

युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले पान डोळ्यांना मराठी दिसे. शोधयंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे वाटत. जुनी माहितीपत्रके संकेतस्थळावर चढवताना ही अडचण आजही उद्भवते, म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

पत्त्याबाबतही दक्षता लागते. मंगळवार पेठ कोल्हापुरात आहे, तशी पुणे, सोलापूर व सातारा येथेही आहे. केवळ पेठेचे नाव लिहिलेल्या दुकानाचा ग्राहक भलत्याच शहरात शोध घेऊ शकतो. शहर, पिनकोड व जवळची खूण सर्वत्र एकसारखी लिहिणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. विकत घेतलेले दुवे व उसना मजकूर यांचा उपयोग गूगलच्या पांडा (२०११) व पेंग्विन (२०१२) या बदलांनंतर बराच घटला. तरीही 'पहिल्या क्रमांकाची हमी' विकली जातेच. अशी हमी कोणताही विकासक प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

कायदेशीर बाबी

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक निर्देशांकात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे येतात. या क्षेत्राबाहेर बनलेल्या चपलेला संकेतस्थळावर 'अस्सल कोल्हापुरी' म्हणणे ही नुसती जाहिरातीतली अतिशयोक्ती नसते. निर्देशांकाचा खोटा वापर १९९९ च्या कायद्यान्वये दंडनीय आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळावर व्यवसायाचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे.