बारीक माणसाचं हृदय, वजनाची सुई, रक्ताची पिशवी

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं असलेलं वजन, अगदी सारखा होता : २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी जे सारखे होते, त्यांच्या चरबीत दुपटीहून जास्त फरक होता.

हृदय, वजन आणि रक्त या तिन्हींबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला ठाम मत असतं. ते मत बहुधा डोळ्यांना जे दिसतं त्यावर बेतलेलं असतं. हजारो रुग्णांवर तुलना करून पाहिली की त्यातलं बरंच टिकत नाही. असे पाच समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : तो काडीपैलवान आहे, त्याला कसला हार्ट अटॅक येणार!

वस्तुस्थिती : या समजाला सर्वांत मोठा धक्का पुण्यातूनच बसला. १९९३ पासून केईएमच्या चमूनं पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत विवाहित स्त्रियांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांचा आहार, कामाचे कष्ट, वजन, रक्त, सगळं नोंदलं गेलं. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावानं हे काम आज जगभर ओळखलं जातं.

या गावांतल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं किरकोळ होती, त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची चिमूट धरून चरबी मोजली, तेव्हा तिथे फारसा फरक आढळला नाही. म्हणजे दिसायला बारीक, पण वजनाच्या मानानं चरबी जास्त. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर पुन्हा तपासली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यांतले बरेच जण अंगानं बारीकच होते.

याचा हृदयाशी संबंध असा : पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी इन्सुलिनचं काम अवघड करते. साखर वाढते, रक्तातल्या चरबीचा समतोल बिघडतो आणि रक्तवाहिन्या आतून खराब होऊ लागतात. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ आहे. उरलेल्या जगात ते ५९ च्या आसपास आहे.

म्हणून भारतीयांसाठी मापं वेगळी आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत हवा. रोज पर्वतीची टेकडी चढणाऱ्यानंही वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरावी.

गैरसमज २ : ब्लॉकेज दिसलं की स्टेंट टाकायचाच, आणि स्टेंट टाकला की झटक्याची भीती संपली

वस्तुस्थिती : आधी एक गोष्ट स्पष्ट करू. झटका येत असताना, म्हणजे रक्तवाहिनी गुठळीनं बंद झालेली असताना, तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे चर्चेत वेळ घालवू नये. इथला प्रश्न वेगळ्या रुग्णांचा आहे : चालताना छातीत दुखतं किंवा तपासणीत दोष निघतो, पण प्रकृती स्थिर आहे.

अशा ५,१७९ रुग्णांवर ३७ देशांत ‘इस्किमिया’ नावाची चाचणी झाली. त्यात भारतीय रुग्णही होते. निम्म्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त चांगली औषधं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात १४४. छातीत दुखण्याचा त्रास मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला.

असं का व्हावं? कारण झटका नेहमीच सर्वांत मोठ्या ब्लॉकेजमुळे येत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी होते आणि वाट बंद पडते. फुटणारा थर अँजिओग्राफीत किरकोळ वाटलेलाही असू शकतो. स्टेंट एका जागेची वाट मोकळी करतो. स्टॅटिन, रक्तदाबाची औषधं आणि तंबाखू सोडणं हे उपाय सगळ्या रक्तवाहिन्यांवर काम करतात.

याहून धाडसी प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० पैकी काहींना खरा स्टेंट टाकला, तर काहींवर फक्त प्रक्रियेचं सोंग केलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. औषधं चालू असलेल्या या रुग्णांत चालण्याच्या क्षमतेत ठळक फरक पडला नाही. पुढे २०२३ मध्ये, छातीत दुखण्यावरच्या गोळ्या बंद ठेवून दुसरी चाचणी झाली, तेव्हा स्टेंटमुळे दुखणं खरोखर कमी झालं. निष्कर्ष असा की स्थिर रुग्णात स्टेंट हा मुख्यतः दुखण्यावरचा उपाय आहे. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाची ताकद खूप घटली असेल, तर हिशेब बदलतो. असे रुग्ण ‘इस्किमिया’त नव्हते.

गैरसमज ३ : वजनाची इंजेक्शनं म्हणजे श्रीमंतांची हौस. लग्नाआधी चार महिने घ्यायची आणि सोडून द्यायची

वस्तुस्थिती : या वाक्यातली दोन्ही टोकं चुकीची आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली. आठवड्यातून एकदा पोटावर सुई घ्यायची. भूक मंदावते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास घटलं.

ही नुसती हौस नाही हे ‘सिलेक्ट’ चाचणीनं दाखवलं. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले, वजन जास्त असलेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण त्यात होते. निम्म्यांना सेमाग्लुटाइड, निम्म्यांना औषध नसलेली सुई. सरासरी सव्वातीन वर्षांनी, हृदयविकारानं मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलेल्यांचं प्रमाण औषध नसलेल्या गटात ८ टक्के होतं आणि औषधाच्या गटात ६.५ टक्के. फायदा खरा आहे. पण तो आधीच हृदयविकार असलेल्या, जास्त वजनाच्या रुग्णांत दिसला आहे. लग्नासाठी पाच किलो उतरवू पाहणाऱ्याला तो लागू होत नाही.

आणि सोडून देण्याबद्दल : औषध बंद केलेल्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा दीर्घकाळ सांभाळायचा आजार आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता आणि पित्ताशयात खडे हे दुष्परिणाम नोंदलेले आहेत. वजनाबरोबर स्नायूही घटतात. आपल्या बाळांचे स्नायू जन्मापासूनच कमी असतात हे वर पाहिलं, म्हणून इथल्या रुग्णानं पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम टाळून चालणार नाही.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेलाही दीर्घकाळ सांभाळण्याचा हाच नियम. योग्य रुग्णात ती परिणामकारक आहे, पण नंतर बी-१२ सारखी जीवनसत्त्वं आयुष्यभर घ्यावी लागतात.

गैरसमज ४ : अशक्तपणा आहे, एक बाटली रक्त चढवा. रक्त ताजं हवं, आणि घरच्या माणसाचं असेल तर उत्तम

वस्तुस्थिती : यात तीन वेगवेगळे समज आहेत.

पहिला, जास्त रक्त म्हणजे जास्त फायदा. १९९९ मध्ये कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांची तुलना झाली. एका गटात हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त दिलं, दुसऱ्यात ७ च्या खाली गेल्यावर. कमी रक्त मिळालेला गट मागे पडला नाही. तेव्हापासून बहुतेक स्थिर रुग्णांसाठी ७ ही रेषा मानली जाते. हृदयरुग्णाची गोष्ट मात्र निराळी. झटका आलेल्या आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या ३,५०४ रुग्णांच्या ‘मिंट’ चाचणीत (२०२३) हात आखडता घेतलेल्या गटात ३० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा झटका १६.९ टक्क्यांना आला, सढळ हातानं रक्त दिलेल्या गटात १४.५ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, तरी कल स्पष्ट होता. उलट, कमजोर हृदयाच्या वयस्कर माणसाला भराभर रक्त चढवलं तर फुप्फुसात पाणी साचून दम लागू शकतो. म्हणून आकडा रुग्ण पाहून ठरतो.

दुसरा, ताज्या रक्ताचा. लाल पेशी योग्य द्रावणात आणि थंडीत ४२ दिवस टिकतात. २०१६ च्या ‘इन्फॉर्म’ चाचणीत २०,८५८ रुग्णांमध्ये ताजं आणि जुनं रक्त यांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही.

तिसरा, घरच्या रक्ताचा. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकाव धरून त्याच्यावरच हल्ला करण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ, पण जवळपास नेहमी जीवघेणा. अशा रक्तावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. रक्तपेढीतलं, स्वेच्छेनं दिलेलं आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासलेलं रक्त अधिक भरवशाचं.

आणि मुळातला प्रश्न : अशक्तपणा कशानं आला? पुण्याच्या त्याच गावांत सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर गोळ्या-इंजेक्शनांनी काम होतं. रक्ताची पिशवी कमतरतेचं कारण दूर करत नाही.

गैरसमज ५ : चाचणीत भाग घेणं म्हणजे उंदीर होणं

वस्तुस्थिती : ही भीती हवेतून आलेली नाही. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये २००९-१० साली झालेल्या एचपीव्ही लस प्रकल्पात संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी होत्या. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात झालेल्या टीकेनंतर नियम कडक झाले, आणि २०१९ मध्ये नवी औषधं व चाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली. आता प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते. त्या समितीत संस्थेबाहेरचे सदस्य, कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असावे लागतात. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. प्रत्येक चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते.

पुणेकरांना हे अनुभवानं ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कोविशिल्डच्या भारतातल्या चाचणीची पहिली सुई पुण्यात, भारती रुग्णालयात टोचली गेली. त्या स्वयंसेवकांशिवाय लशीबद्दल काहीही सांगता आलं नसतं. सहा गावांतल्या मायलेकरांनी तीस वर्षं मापं दिली नसती, तर बारीक माणसातली चरबीही कुणाला दिसली नसती.

तेव्हा चाचणीसाठी विचारणा झाली तर संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. मध्येच बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा. उपचारांबद्दल डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा : हे केलं नाही तर काय होईल? यानं आयुष्य वाढेल की फक्त त्रास कमी होईल? आणि माझ्यासारख्या रुग्णांवर हे तपासलं गेलं आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.