पाटीवरचा 'डॉ.'

बर्लिन : इथल्या इमारतींच्या दारावरच्या बेलच्या पाट्या वाचत गेलं, की एखाद्या नावाआधी 'डॉ.' हमखास दिसतो. पासपोर्टावर आणि ओळखपत्रावरही तो नोंदवून घेता येतो. कायद्याने ही पदवी नावाचा भाग नाही, पण लोकांच्या लेखी आहे. त्यामुळे जर्मन माणूस डॉक्टरेट का करतो, याचं उत्तर दर वेळी ग्रंथालयात सापडेलच असं नाही.

वैद्यकाचंच घ्या. दवाखाना चालवायला डॉक्टरेट लागत नाही. पण ती नसेल तर 'डॉ.' लावता येत नाही, आणि पेशंट तर 'हेर डॉक्टर' म्हणूनच हाक मारणार! म्हणून बरेच विद्यार्थी शिकता शिकताच प्रबंध उरकून घेतात. संशोधनाला निधी देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल वैद्यकातल्या नुसत्या या पदवीला पीएच.डी.च्या बरोबरीची मानत नाही, यात काय ते आलं. रसायनशास्त्रात मात्र एम.एस्सी.वर थांबणारे थोडेच. कंपन्यांच्या संशोधन विभागात वरची जागा हवी तर डॉक्टरेट लागतेच, असा तिथला हिशेब.

या 'डॉ.'चा मोह सर्वांत महागात पडला तो राजकारण्यांना. प्रबंधातल्या उचलेगिरीच्या वादात २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचं पद गेलं, २०१३ मध्ये शावान यांचं, २०२१ मध्ये कुटुंबमंत्री गिफाय यांचं. यातल्या शावानबाई चक्क शिक्षणमंत्री होत्या.

निव्वळ विषयाच्या ओढीने डॉक्टरेटकडे येणारेही आहेत, आणि हाल होतात ते त्यांचेच. पगार मिळतो, पण बरेचदा अर्ध्या किंवा पाऊण जागेचा. काम मात्र पूर्ण वेळ. कायद्याने विद्यापीठात मुदतीच्या करारावर डॉक्टरेटआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं राहता येतं (वैद्यकात नंतरची नऊ). तेवढ्यात कायमची जागा नाही मिळाली, तर बहुतेकांना विद्यापीठाचा रस्ता बंद. सरकारने या कायद्याची भलामण करणारा व्हिडिओ काढला, त्यातली काल्पनिक संशोधिका हाना. २०२१ मध्ये तिचंच नाव घेऊन 'मी हाना आहे' म्हणत हजारो संशोधक समाजमाध्यमांवर चिडून उठले.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता सर्वाधिक भारतीय आहेत. त्यातले बरेच मास्टर्ससाठी येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, हे त्यामागचं उघड गणित. त्यात लाजण्यासारखं काही नाही; जर्मन तरी कुठे निरपेक्ष आहेत?

मात्र कुणी डॉक्टरेटसाठी येणार असेल, तर प्राध्यापकांशी विषयाचं बोलण्याआधी करार किती वर्षांचा आणि पगार किती टक्के जागेचा, हे लेखी विचारून घ्यावं.