डबलडेकरचे जिने

लंडनच्या डबलडेकर बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत राबत. तरी हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना जास्त येत आणि ते जीवघेणेही अधिक ठरत. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडले. ड्रायव्हर पाळीभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत दिवसाला शेकडो पायऱ्या चढे. मग कंडक्टर मुळातच सडपातळ असतील का? मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच कंबरेला मोठ्या होत्या, पण सारख्याच कंबरेच्या माणसांतही फरक टिकून राहिला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो: वजन उतरो न उतरो, हालचालीचा फायदा मिळतोच.

हा फायदा हृदयापुरता नाही: काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची शतपावली मधुमेहींनी सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतके भरभर चालणे. एकदम जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना छातीत दुखले, तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.