मेंदूचे वजन आणि मुलींचे गणित

दहावीचा निकाल लागला की कोणत्या ना कोणत्या परिचित घरी, हातावर पेढा पडता पडता, एक वाक्य कानी येतेच : "मार्क चांगले आहेत हो, पण मुलींना पुढचं गणित झेपत नाही, कॉमर्सला घालतोय." (जणू हिशेबनिसाला आकडे लागत नाहीत!) जिला गणितात नव्वदांवर गुण मिळालेले असतात तिच्यादेखत हे बोलले जाते आणि तीही निमूटपणे पेढ्यांचा डबा पुढे करते, हे पाहून प्रस्तुत लेखकाचा संयम अलीकडे वारंवार ढळू लागला आहे.

या समजुतीस आधार काय, असे पुसावे, तर पुरुषाच्या मेंदूचे वजन अधिक असते, हा दाखला मोठ्या ऐटीत दिला जातो. सरासरीने ते अधिक असते, हे खरे. परंतु वजनावरूनच बुद्धीची प्रतवारी लावायची, तर सुमारे ५ किलोंचा मेंदू बाळगणाऱ्या हत्तीस गणिताचे अध्यासन बहाल करावे लागेल. जॅनेट हाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १० राज्यांतल्या ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गणिताच्या गुणांची छाननी करून २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात जो निष्कर्ष मांडला, त्यात मुलगे व मुली यांच्या सरासरीत दखल घ्यावी असे अंतर आढळले नाही. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या अभ्यासात, 'अतिशय हुशार कोण' असे विचारता मुलगे पुरुषाकडे दाखवीत तितक्याच निःशंकपणे पाच वर्षांच्या मुली स्त्रीकडे बोट दाखवीत. सहाव्या वर्षापासून मात्र त्या कचरू लागत. एवढ्या अवधीत मेंदूचे वजन खचितच घटत नाही.

आपल्याकडचा दाखला हवा असल्यास कमला भागवत, पुढच्या सोहोनी, यांचा घ्यावा. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी केलेला अर्ज, केवळ त्या स्त्री आहेत या सबबीवर, प्रत्यक्ष सी. व्ही. रामन यांनी नामंजूर केला. बाईंनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला, तेव्हा वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळाला. आणि १९३९ साली वनस्पतींतील सायटोक्रोम-सी वरील संशोधनासाठी त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नोबेलविजेत्याच्याही हातून अशी गफलत होते, मग पेढे वाटणाऱ्या गृहस्थांस किती दोष द्यावा!

किरकोळ गैरसमजांची वासलात थोडक्यात लावता येईल. मुली विज्ञानाकडे फिरकत नाहीत, म्हणावे, तर केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये विज्ञानशाखेत २९.५ लाख मुली व २६ लाख मुलगे होते. उणीव आहे ती अभियांत्रिकीत. आणि २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी ठेवलेल्या जागांनी मुलग्यांचा हक्क हिरावला, ही तक्रार तर मुळातच गैरलागू, कारण त्या जागा पूर्वीच्या जागांखेरीज वाढवलेल्या होत्या. बेरीज आणि वजाबाकी यांतला हा भेद ज्यांच्या ध्यानी येत नाही, त्यांनी मुलींच्या गणिताची काळजी वाहावी, ही मौजच म्हणायची.