न लागलेली दाद

निजामाच्या अमदानीत, म्हणजे १९४८च्या सप्टेंबरपर्यंत, नांदेड-लातूरकडील अदालतींचा कारभार उर्दूत चाले. ती राजवट गेली, परंतु 'फिर्याद' आणि 'दाद' हे शब्द आपल्या बोलीत मुक्कामाला राहिले. दाद लागली तर फिर्यादी घरी परततो. न लागली तर तो जे मनात धरून बसतो, त्याला आपण सूड म्हणतो. अशा माणसाची कहाणी ज्या अमेरिकी चित्रपटांनी वारंवार सांगितली, त्यांना १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी 'फिल्म नॉयर', म्हणजे कृष्णचित्रपट, असे नाव दिले.

फ्रिट्झ लँगचा 'द बिग हीट' (१९५३) हा त्यांतील एक उत्तम नमुना. एका पोलिसाच्या आत्महत्येचा तपास करणाऱ्या बॅनियनच्या मोटारीत गुंड स्फोटके ठेवतात आणि बळी जातो त्याच्या पत्नीचा. वरिष्ठच गुंडांचे मिंधे आहेत हे उमगताच तो आपला बिल्ला परत करून एकटा निघतो. मृत पोलिसाची विधवा ज्या पत्राच्या बळावर गुंडांकडून पैसे उकळते, ते तिच्या मरणानंतरच उघड होणार असते. तिचा गळा आवळता आवळता बॅनियन हात मागे घेतो खरा, परंतु पत्राची ही गोष्ट तो डेबीपाशी बोलून जातो. गुंडाने फेकलेल्या उकळत्या कॉफीने जिचा चेहरा भाजला आहे, ती डेबी त्या विधवेला गोळी घालते आणि पुढे स्वतःही प्राणांस मुकते. बॅनियन मात्र पूर्ववत नोकरीवर रुजू होतो.

योगायोग असा, की २०१४ साली अवघ्या पंधरवड्याच्या अंतराने लातूरचा अभिनेता रितेश देशमुख सुडाच्या या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला: जूनअखेर 'एक व्हिलन'मध्ये नायकाच्या पत्नीचा खून करणारा साधा नोकरदार म्हणून, आणि जुलैत निशिकांत कामतांच्या 'लय भारी'त भावाच्या खुनाचा सूड उगवणारा माउली म्हणून. 'लय भारी'त सोसणारा एक आणि मारणारा त्याचा जुळा भाऊ. त्यातही माउली नवसाने विठ्ठलाला वाहिलेला, तेव्हा त्याच्या हातून घडेल त्याचा दोष त्याला लागेल कसा? डेबीच्या वाट्याला मात्र ना पंढरी, ना नवस.

आपल्या भाषेत दाद मागितली जाते न्यायाची आणि दिली जाते कलेला. अदालतीत न लागलेली दाद 'लय भारी'चा प्रेक्षक टाळ्याशिट्यांनी देऊन मोकळा होतो. 'द बिग हीट' संपताना डेबी आठवते आणि टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली येतो.